राजमान्यता आणि मराठी बायबलचे आरंभीचे मुद्रण

मराठी मुद्रणाच्या इतिहासात ख्रिस्ती धर्मग्रंथांना अग्रस्थान आहे, याविषयी आता मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो त्या ग्रंथांच्या आणि राजसत्तेच्या परस्परसंबंधाविषयी. एका पक्षाचे म्हणणे असे की, हे ग्रंथ राज्यकर्त्यांच्या आश्रयाने निघाले आणि म्हणूनच त्यांची भाषा दप्तरी व परक्या वळणाची झाली. मिशनांच्या कार्याचा गौरव करणारा दुसरा पक्ष त्याच आश्रयाचा उल्लेख अभिमानाने करतो. निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी गृहीतकृत्य दोघांचेही एकच आहे. मराठी बायबलला सरकारची मान्यता होती, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीतकृत्य तपासून पाहिले तर त्यात एक मूलभूत गोंधळ आढळतो. आज्ञा, परवाना, संरक्षण, आश्रय आणि निव्वळ सहन करणे या पाच भिन्न गोष्टी 'राजमान्यता' या एकाच शब्दात कोंबल्या गेल्या आहेत. ग्रंथाच्या घडणीवर या पाचांचे परिणाम मात्र सारखे होत नाहीत.

हा गोंधळ केवळ मराठीच्या अभ्यासातच आहे असे नाही. इंग्लंडात इ. स. १६११ मध्ये निघालेल्या बायबलच्या मुखपृष्ठावर ते चर्चमध्ये वाचण्यासाठी नेमलेले असल्याचे छापले आहे. परंतु तशा अर्थाचा राजाचा वा पार्लमेंटचा हुकूम आज उपलब्ध नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाचा मुद्रक रॉबर्ट एटकेन याने छापलेल्या इंग्रजी बायबलची तेथील काँग्रेसने १२ सप्टेंबर १७८२ रोजी ठराव करून शिफारस केली. धर्मोपदेशकांकडून शुद्धता तपासून घेऊन केलेली ती शिफारस होती. तीसोबत पैसा आला नाही. पुढच्याच वर्षी तह होऊन इंग्लंडातील स्वस्त प्रती येऊ लागल्या आणि एटकेन तोट्यात गेला. मान्यतेचा शब्द आणि ग्रंथाचे भवितव्य यांत किती अंतर असू शकते, हे या दोन उदाहरणांवरून ध्यानात येते. मराठीच्या बाबतीत हे अंतर गोवा, श्रीरामपूर आणि मुंबई या तीन ठिकाणी तीन प्रकारांनी दिसते.

प्रथम गोव्याचा विचार करू. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ मध्ये आले. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये तेथे पोहोचला आणि त्याचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे प्रथम छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या मुद्रणामागील राजमान्यता ही परवान्याच्या स्वरूपाची होती आणि हा परवाना मोठा कडक होता. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासूनच स्थापन झालेले होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६४ मध्ये निघालेल्या नियमांनुसार देशभाषेतील बायबल लेखी अनुमतीवाचून वाचण्यास मनाई होती. अशा परिस्थितीत बायबलचे सरळ मराठी भाषांतर छापणे जवळजवळ अशक्यच होते. स्टीफन्सने भाषांतर न करता पुराण रचले, याचे कारण एरवी केवळ त्याच्या काव्यबुद्धीत शोधले जाते. त्याला परवान्याच्या या व्यवस्थेचीही जोड दिली पाहिजे. आपल्या पूर्वीच्या पुराणांच्या जागी काहीतरी हवे, ही नवख्रिस्ती श्रोत्यांची मागणी ग्रंथातच नमूद आहे. ओवीबद्ध कथनाने ती भागत होती आणि धर्माधिकाऱ्यांचा नियमही मोडत नव्हता.

परिणामी मराठीला दहा हजारांहून अधिक ओव्यांचा एक ग्रंथ मिळाला. जुन्या कराराची कथा पहिल्या पुराणात आणि ख्रिस्तचरित्र दुसऱ्यात, अशी त्याची मांडणी आहे. 'वैकुंठ', 'मुक्ती', 'परमेश्वरु' हे शब्द त्यात निःसंकोचपणे येतात. भाषांतराला जे स्वातंत्र्य मिळाले नसते ते निवेदनाला मिळाले. परंतु परवान्याची दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. मराठी पुस्तके तिच्या स्वतःच्या लिपीत छापली जावीत, अशी इच्छा स्टीफन्सने १६०८ मधील पत्रात व्यक्त केली होती. ती सफल झाली नाही आणि 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीतच छापले गेले. पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकांनी स्वभाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी असे फर्मान काढले. सतराव्या शतकाच्या अखेरीपूर्वीच गोव्यातील मुद्रण थांबले, ते १८२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. ज्या सत्तेने परवाना दिला तिनेच भाषेवर घाला घातला. गोव्यात या ग्रंथाची परंपरा निर्माण होऊ शकली नाही, त्याचे हे एक प्रधान कारण होय.

दुसरे स्थान श्रीरामपूर. बंगालमधील हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि विल्यम केरीने १८०० मध्ये तेथे ठाणे दिले ते नेमके याच कारणासाठी. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या मुलखात मिशनऱ्यांना सहजासहजी थारा देत नसे. मत्तयचे मराठी शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. म्हणजे ज्या ग्रंथाला ब्रिटिश सत्तेचे अपत्य समजले जाते, तो त्या सत्तेच्या हद्दीबाहेर एका परक्या राजाच्या संरक्षणाखाली जन्मला. १८०७ मध्ये एका फारसी पत्रिकेवरून वादळ उठले, तेव्हा कलकत्त्याच्या सरकारने हा छापखाना आपल्या देखरेखीखाली कलकत्त्यास आणण्याची मागणी केली होती. डॅनिश अधिकाऱ्यांचा विरोध आणि मिशनऱ्यांची रदबदली यांमुळे तो प्रसंग टळला.

यावर असा आक्षेप येईल की, केरी हा स्वतः कंपनीचा पगारी नोकर होता. हा आक्षेप वजनदार आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात १८०१ पासून तो अध्यापक होता आणि पुढे मराठीही शिकवीत असे. त्याचे वेतन मिशनच्या कामी येई. त्याचे मराठी व्याकरण (१८०५) आणि मराठी कोश (१८१०) यांचा संबंध त्या अध्यापनाशी आहे. वैजनाथ पंडितांचे साहाय्य या कामात त्याला लाभले. तथापि येथे आश्रय मिळाला तो व्याकरणाला आणि कोशाला. मुलकी अधिकाऱ्यांना भाषा शिकवणे ही कंपनीची गरज होती. बायबल ही तिची गरज नव्हती. एकाच मनुष्याच्या दोन कामांपैकी एकाला वेतन मिळाले म्हणून दुसऱ्यालाही मान्यता होती, असे अनुमान काढणे तर्कदुष्ट आहे.

श्रीरामपूरच्या मराठीचे दोषही सरकारी आश्रयातून आलेले नाहीत. ते अंतरातून आले आहेत. केरीने महाराष्ट्र पाहिला नव्हता. भाषांतर होत होते ते मराठी वाचकांपासून शेकडो कोस दूर, अनेक भाषांची कामे एकाच वेळी चालू असलेल्या छापखान्यात. वाक्य अडखळले तर ते कानाला खटकून सांगणारा श्रोता तेथे नव्हता. मुंबईस आलेल्या मिशनऱ्यांना हे भाषांतर आपल्या उपयोगाचे वाटले नाही आणि त्यांनी नव्याने आरंभ केला, यातच त्या मर्यादेची कबुली आहे.

तिसरे स्थान मुंबई. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले, ते बंगाल सरकारचा हद्दपारीचा हुकूम पाठीशी घेऊनच. त्या वेळी इंग्लंड व अमेरिका यांच्यात युद्ध चालू होते. त्यामुळे ते शत्रुराष्ट्राचे प्रजाजनही ठरत होते. गव्हर्नर सर इव्हान नेपियन व्यक्तिशः सहानुभूती बाळगणारा असला तरी वरिष्ठांचा हुकूम त्यालाही बांधून होता. हॉल व नॉट मुंबईहून निसटून कोचीनला गेले, तेथून त्यांना परत आणण्यात आले आणि दीर्घ अर्जविनंत्यांनंतर त्यांना राहू देण्यात आले. १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना परवाना घेऊन येण्याची वाट मोकळी केली. परंतु वाट मोकळी करणे म्हणजे कार्याचा पुरस्कार करणे नव्हे. पेशवाईच्या अस्तानंतर तर सरकारचे धोरण अधिकच सावध झाले. ११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात लोकांच्या धर्मात ढवळाढवळ न करण्याचे अभिवचन होते आणि एल्फिन्स्टनने शिक्षणाच्या कामात धर्मप्रचार मिसळू देण्यास विरोध केला.

अशा केवळ सहन करणाऱ्या सत्तेखाली अमेरिकन मिशनच्या छापखान्यात १८१७ मध्ये मराठी छपाई सुरू झाली. आरंभीची सामग्री कलकत्त्याहून आणलेली होती. नवा करार १८२६ मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये हॉल नाशिककडील दौऱ्यात पटकीने मरण पावला. सरकारी काम हाती नसल्यामुळे या छापखान्याला आपली सोय आपणच पाहावी लागली. थॉमस ग्रॅहम याने तेथे नागरी खिळ्यांत सुधारणा केली. गणपत कृष्णाजींनी ही छपाई पाहूनच स्वतःचा उद्योग उभारला आणि जावजी दादाजींनी येथेच खिळे ओतण्याचे शिक्षण घेतले. त्यांच्या निर्णयसागर छापखान्याने पुढे संस्कृत व मराठी ग्रंथांची जी सेवा केली ती सर्वश्रुत आहे.

याच काळात सरकारची खरी मान्यता कोणत्या ग्रंथांना मिळत होती, हे पाहिले म्हणजे भेद स्पष्ट होतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८३१) सरकारी खर्चाने निघाला. शालोपयोगी पुस्तके सरकारने तयार करवली, तपासली आणि शाळांत लावली. मेजर कँडीच्या हाताखालून गेलेल्या त्या पुस्तकांनी विरामचिन्हे, शुद्धलेखन आणि वाक्यरचना यांचा एक साचा घालून दिला. मराठीच्या इंग्रजी वळणावर 'निबंधमाले'च्या काळापासून जी टीका होत आली आहे, तिचा न्याय्य रोख या शालेय गद्याकडे असला पाहिजे. बायबलचे गद्यही परक्या वळणाचे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याचे वळण मूळ ग्रंथाशी शब्दशः प्रामाणिक राहण्याच्या आग्रहातून आले आहे. दोन गद्यांचा दोष एकसारखा दिसला तरी त्यांचे निदान एक नाही.

बायबलच्या मराठी परिभाषेकडे पाहिले तरी हेच आढळते. 'करार' हा शब्द दप्तरातला व व्यवहारातला, 'शुभवर्तमान' संस्कृत वळणाचा, तर 'बाप्तिस्मा' थेट ग्रीकातून घेतलेला. एखाद्या सरकारी मंडळाने ठरवून दिलेल्या परिभाषेत असा संमिश्रपणा सहसा राहत नाही. वेगवेगळ्या भाषांतरकारांनी, त्यांच्या पंडितांनी व वाचकांनी वेळोवेळी केलेल्या निवडींचा तो साठा आहे. वारंवार झालेली संशोधने हे या ग्रंथाचे खरे वैशिष्ट्य होय. त्या कामी बाबा पदमनजींसारख्या मराठी लेखकाचा हात लागला. पुढे पंडिता रमाबाईंनी प्रचलित भाषांतराची भाषा सामान्य स्त्रियांना दुर्बोध वाटते हे पाहून मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून नवे भाषांतर केले. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते केडगावच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यातून निघाले आणि त्या छापखान्याचे काम स्त्रियांनीच केले. सरकारी परवान्यापासून इतके दूर असलेले मराठी बायबल दुसरे नाही.

ग्रंथाला खरी मान्यता कोठून येते, याचे एक उदाहरण कोकणात आहे. पनवेल, पेण, अलिबाग या भागांत शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजाची मातृभाषा मराठी. अमेरिकन मिशनने या समाजासाठी शाळा काढल्या आणि त्यांत त्याच समाजातील शिक्षक नेमले. जॉन विल्सनने १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. आपल्याच पूर्वजांचे धर्मशास्त्र या लोकांना मराठीतून वाचता येऊ लागले, ते मिशनांच्या भाषांतरांमुळे. त्यांनी ग्रंथ घेतला, धर्म मात्र बदलला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पनवेलला उभे राहिलेले बेथ एल हे प्रार्थनामंदिर त्यांच्या निष्ठेची साक्ष देते. हा समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर मिशनऱ्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य करतात. भाषांतरकारांचा हेतू सफल झाला नाही, सरकारचा तर त्यात हेतूच नव्हता; तरीही मराठी पाठ वाचकांच्या उपयोगी पडला.

सारांश, गोव्यात परवान्याने ग्रंथाचे रूप ठरविले, श्रीरामपुरात संरक्षणाने त्याचे मुद्रण शक्य केले, आणि मुंबईत सत्तेच्या अलिप्ततेमुळे त्याला वाचकाच्या आधारावर उभे राहावे लागले. ब्रिटिश सत्तेने निर्माण केलेल्या शांततेचा व दळणवळणाचा लाभ मिशनांना मिळाला, हे खरे आहे. परंतु तो लाभ देशी वृत्तपत्रांना आणि पंचांगांनाही मिळाला. म्हणून या ग्रंथांच्या भाषेचे मूल्यमापन करताना 'सरकारी आश्रय' हे कारण पुढे करण्यापूर्वी त्या त्या आवृत्तीचे मुखपृष्ठ, मुद्रणस्थळ आणि खर्चाचा धनी तपासला पाहिजे. ते केले म्हणजे मराठी बायबलच्या भाषेचे गुणदोष राज्यकर्त्यांच्या पदरी न घालता भाषांतरकार, पंडित आणि वाचक यांच्या दीर्घ व्यवहारात शोधावे लागतील. अभ्यासाचे खरे क्षेत्र तेच आहे.