आयक्लर घरांचे बाह्यरूप आणि नूतनीकरण : एक चिकित्सा

विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत उभ्या राहिलेल्या आधुनिक पद्धतीच्या घरांचे बाह्यरूप आज कसे बदलावे, किती बदलावे आणि मुळात बदलावे काय, हा प्रश्न तेथील घरमालक, नगरपालिका व वास्तुरचनाकार यांच्यात सातत्याने चर्चिला जातो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार कॅलिफोर्नियातील बांधकाम व्यावसायिक जोसेफ आयक्लर (१९००–१९७४) यांच्या घरांच्या संदर्भात केला आहे. वास्तुशास्त्र हा प्रस्तुत लेखिकेचा अध्यापनविषय नव्हे. परंतु २०१९ मध्ये सनीव्हेल येथे नात्यातील एका कुटुंबाच्या अशाच घरी महिनाभर राहण्याचा योग आला आणि त्या घराच्या दर्शनी बाजूविषयी घरात चाललेला वाद रोज ऐकावयास मिळाला. वादातील दोन्ही पक्ष एका गोष्टीबाबत मात्र सहमत होते : बाह्यरूप म्हणजे घराचा पोशाख, तो हवा तेव्हा बदलता येतो. या गृहीतकाचीच चिकित्सा येथे करावयाची आहे.

हे गृहीतक रूढ होण्यास ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ हे नावही काही अंशी कारणीभूत आहे. हे नाव लोकप्रिय झाले ते कॅरा ग्रीनबर्ग यांच्या १९८४ मधील पुस्तकामुळे, आणि त्या पुस्तकाचा विषय घरे नसून १९५० च्या दशकातील फर्निचर हा होता. म्हणजे ही घरे बांधली जात असताना त्यांना जे नाव सर्रास लावले जात नव्हते, ते तीसेक वर्षांनी, संग्राहकाच्या दृष्टीतून त्यांना चिकटले. बांधणीची एक पद्धत अशा रीतीने ‘लूक’ झाली. आणि लूक म्हटला की तो विकत घेता येतो, टाकून देता येतो.

आयक्लर हे वास्तुरचनाकार नव्हते. त्यांचा पूर्वीचा व्यवसाय लोणी-अंड्यांच्या घाऊक व्यापाराचा. १९४० च्या दशकात ते काही काळ फ्रँक लॉइड राइट यांनी रचलेल्या बॅझेट हाऊसमध्ये भाड्याने राहिले. तेथील अनुभवातून, मध्यमवर्गीय माणसालाही अशा घरात राहता यावे ही कल्पना त्यांच्या मनात रुजली. अँशेन अँड अ‍ॅलन, जोन्स अँड एमन्स व पुढे क्लॉड ओकलंड यांच्याकडून आराखडे करवून घेऊन त्यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत सुमारे ११,००० घरे बांधली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कृष्णवर्णीय व आशियाई ग्राहकांना घर नाकारणे हा ज्या काळी व्यवसायाचा शिरस्ता होता, त्या काळी त्यांनी आपली घरे कोणालाही विकण्याचे धोरण ठेवले, आणि या प्रश्नावरून १९५८ मध्ये गृहबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला. या गोष्टीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

बांधणीचे तर्कशास्त्र

आयक्लर घराच्या भिंती बहुतांशी छपराचा भार वाहत नाहीत. भार वाहतात ते ठरावीक अंतरावरील खांब आणि त्यांवरील तुळया. तुळयांवर थेट लाकडी फळ्यांची तख्तपोशी, तिच्यावर डांबर-खडीचे जवळजवळ सपाट छप्पर. माळा नाही. खाली काँक्रीटचा कोबा, त्यात पुरलेल्या नळ्यांतून गरम पाणी फिरवून घर उबदार ठेवण्याची सोय. बैठकीच्या खोलीत डोक्यावर दिसणारी तुळई वरच्या काचेपाशी थांबत नाही, ती तशीच बाहेर वळचणीपर्यंत जाते. आतला माणूस आणि रस्त्यावरचा माणूस एकच तुळई पाहत असतो. आत कोठे संपले व बाहेर कोठे सुरू झाले हे नेमके सांगता येऊ नये, हाच या रचनेचा हेतू होय.

रस्त्याकडील बाजू मात्र जवळजवळ मुकी असते : उभ्या खाचांच्या फळ्या, गॅरेजचे दार, वर काचेची एखादी पट्टी. सगळा मोकळेपणा मागच्या अंगणाकडे आणि, १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या अनेक घरांत, मधल्या उघड्या चौकाकडे. मराठी वाचकाला येथे वाड्याची आठवण होणे साहजिक आहे. परंतु वाड्याची जाड भिंत भार वाहते, ही वाहत नाही, म्हणून साम्य फार ताणू नये. मुद्दा असा की समोरचा मुकेपणा हा सजावटीचा अभाव नव्हे. मागे जमिनीपासून छतापर्यंत काच लावण्याचे जे स्वातंत्र्य घेतले आहे, त्याची ती किंमत आहे.

हे ध्यानात घेतल्यास नेहमीचे ‘सुधार’ का फसतात ते कळते. दर्शनी भिंतीला दगडाचे पातळ काप चिकटवले की न पेलणारी भिंत पेलणारी असल्याचे सोंग करू लागते. तुळयांची टोके पावसाने कुजतात, हे खरेच आहे. पण ती दुरुस्त करण्याऐवजी खालून फळ्या ठोकून वळचण बंदिस्त केली, तर आत-बाहेरचे सातत्य तुटते. मूळ घरात अनेक ठिकाणी काच खांबांमध्येच, बारीक पट्ट्यांच्या आधाराने बसवलेली असते. तिच्या जागी जाड पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटी आल्या की खांब गौण होतो आणि भिंतीत भोक पाडून खिडकी बसवल्याचा भास होतो. यांतील एकही बदल केवळ वरवरचा नाही.

उलट, मूळ जसेच्या तसे ठेवावे हा आग्रहही तपासून पाहावा लागतो. एकेरी काच, उष्णतारोधक थराविना छप्पर आणि गळक्या नळ्या यांत पवित्र असे काही नाही. कोब्यातील नळ्या निकामी झाल्या की गरम हवेचे नळ न्यावयाचे कोठून? माळा नाही, जमिनीखाली पोकळी नाही. मग ते छपरावर चढतात आणि रस्त्यावरून दिसतात. अर्थात बाह्यरूप बिघडते ते पुष्कळदा आतल्या कारणाने. छपरावर फवारलेला पॉलियुरेथेन फोम हा मला चांगला उपाय वाटतो : उष्णता अडते, आणि खालची तख्तपोशी उघडीच राहते. छपराची कडा थोडी जाड दिसते खरी, पण हा बदल रचनेच्या तर्काला धरून आहे.

मार्गदर्शिका आणि तिच्या मर्यादा

सनीव्हेल (२००९) व पालो आल्टो (२०१८) या शहरांनी आयक्लर वसाहतींसाठी मार्गदर्शिका स्वीकारल्या. पालो आल्टोची मार्गदर्शिका बंधनकारक नाही. त्याच शहरातील ग्रीन गेबल्स व ग्रीनमेडो या वसाहतींची नोंद २००५ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली आहे. या प्रयत्नांचे मोल नाकारता येत नाही. परंतु नियोजन विभागाचा अधिकार मुख्यतः बाहेरून दिसणाऱ्या घरावर चालतो. त्यामुळे ज्या वास्तूने आत-बाहेर हा भेदच पुसू पाहिला, तिचे रक्षण केवळ बाहेरून करण्याची वेळ येते. पोशाखाचे गृहीतक येथेही अबाधित राहते.

पालो आल्टोतील काही वसाहतींत रहिवाशांच्याच मागणीवरून एकमजली बांधकामाचे बंधन आहे. शेजारी दुसरा मजला चढला की काचेच्या घरातील सगळे व्यवहार वरून दिसू लागतात. हे कारण खरे आहे व ते मान्य करावयास हवे. मात्र तेच बंधन ‘वसाहतीचे स्वरूप’ या मोघम शब्दासाठी मागितले जाते तेव्हा शंका येते. १९५० च्या सुमारास यांतील काही घरे दहा हजार डॉलरच्या आसपास मिळत. आज पालो आल्टोत वीस लाख डॉलरही पुरत नाहीत. कोणालाही दार उघडे ठेवणाऱ्या माणसाची घरे आता त्यांच्या रूपाच्या नावाने कुंपण घालतात, असा आक्षेप कोणी घेतला तर त्याला उत्तर देणे सोपे नाही.

आमच्या नात्यातील कुटुंबाचा वाद नेमका याच जागी अडला होता. भारतातून आजी-आजोबा कायमचे राहावयास येणार होते आणि खोली कमी पडत होती. एक पक्ष वर मजला चढवू म्हणे, दुसरा पक्ष मूळ रूपाला हात लावू देईना. २०२० पासून कॅलिफोर्नियातील कायद्याने गॅरेजचे निवासी जागेत रूपांतर करणे पुष्कळ सुलभ केले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तो मार्ग धरला. गॅरेजचे दार, त्याच्या उभ्या खाचांच्या फळ्या, सारे जागच्या जागी आहे. त्यामागे आता भिंत, पलंग आणि देव्हारा. उजेड छपरातील काचेतून येतो. मार्गदर्शिकेच्या कसोटीने हे नूतनीकरण निर्दोष म्हणावे लागेल. प्रस्तुत लेखात मांडलेल्या कसोटीने मात्र ते दार खोटे आहे, कारण ते उघडत नाही. तरीही मी त्या कुटुंबाला दुसरा सल्ला देऊ शकले असते असे मला वाटत नाही. आजोबांनी पहिल्याच दिवशी विचारले, “रस्त्याकडे खिडकी का नाही?”