मोजदाद आणि ओसरी

जुन्नर तालुक्यात खोडदजवळ ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत, हे या भागातील शिक्षकांना नव्याने सांगायला नको. फेब्रुवारीअखेर राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने आसपासच्या शाळांची मुले तेथील प्रदर्शनात आपापले प्रकल्प मांडतात. त्यामुळे जुन्नर-आंबेगावच्या मुलांना खगोलशास्त्र तितकेसे परके नाही. परंतु अँटेना पाहून येणे वेगळे आणि आकाशाच्या अभ्यासाला स्वतः हातभार लावणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीची सोय इंटरनेटवरील काही संकेतस्थळांनी हौशी लोकांसाठी केलेली आहे. मुलांना त्यांची शिफारस करण्यापूर्वी ती सुरुवातीला कशी होती आणि आज कशी आहेत, हे शिक्षकांनी पाहून घ्यावे असे आम्हांला वाटते.

अशा उपक्रमांतील एक जुना म्हणजे १७ मे १९९९ रोजी सुरू झालेला ‘सेटी ॲट होम’. रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या संदेशांत परग्रहावरील बुद्धिमान जीवांची चाहूल लागते का, याची छाननी जगभरच्या घरगुती संगणकांवर, ते रिकामे असताना होत असे. लाखो लोकांनी त्यात भाग घेतला. मात्र माणसाचे काम संगणक चालू ठेवण्यापुरतेच होते. मार्च २०२० अखेर कामाचे वाटप थांबले. या उपक्रमाबद्दल आम्हांला आदर आहे. पण शाळेच्या दृष्टीने त्यात शिकण्यासारखे फारसे नव्हते.

जुलै २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ची गोष्ट निराळी. ऑक्सफर्डमधील संशोधक केविन शाविन्स्की यांनी सुमारे ५० हजार दीर्घिकांची छायाचित्रे एकेक करून डोळ्यांखालून घातली होती आणि ते थकून गेले होते. ‘स्लोन’ आकाश सर्वेक्षणात तर दीर्घिका होत्या नऊ लाखांच्या घरात. तेव्हा ख्रिस लिन्टॉट आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी ती छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली. प्रश्न साधे होते : दीर्घिका सर्पिल आहे की लंबवर्तुळाकार? सर्पिल असल्यास तिच्या भुजा कोणत्या दिशेने वळतात? पहिल्या वर्षभरात सुमारे दीड लाख लोकांनी मिळून पाच कोटींहून अधिक उत्तरे दिली.

यातील दिशेच्या प्रश्नाचे पुढे जे झाले ते वर्गात सांगण्याजोगे आहे. उत्तरांची बेरीज केली तेव्हा घड्याळाच्या उलट दिशेने वळणाऱ्या दीर्घिका जास्त निघाल्या. विश्वाला डावे-उजवे कळते की काय? संशोधकांनी एक युक्ती केली. काही छायाचित्रे आरशातल्या प्रतिबिंबासारखी उलटी करून दाखवली. आकाशातच फरक असता तर आता घड्याळाच्या दिशेची उत्तरे जास्त यायला हवी होती. तसे झाले नाही; उलट दिशेचेच पारडे पुन्हा जड राहिले. म्हणजे कल आकाशात नव्हता, पाहणाऱ्यांत होता. हा प्रयोग वीस-तीस चित्रे घेऊन कोणत्याही शाळेत करून पाहता येईल. निरीक्षकाच्या पूर्वग्रहाबद्दल तासभर बोलण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

परंतु ‘गॅलेक्सी झू’चे खरे वैशिष्ट्य या मोजदादीत नव्हते, ते तिच्या ओसरीवर होते असे आमचे मत आहे. ओसरी म्हणजे संकेतस्थळाला जोडून उघडलेले चर्चेचे दालन. आलेल्या पत्रांना उत्तरे देताना संशोधकांची दमछाक होऊ लागली, म्हणून ते उघडले गेले. तेथे माणसे थट्टामस्करी करीत, एकमेकांना चित्रे दाखवीत, अडले की विचारीत.

हॅनी व्हान आर्केल या नेदरलँड्समधील शाळाशिक्षिकेला ऑगस्ट २००७ मध्ये एका दीर्घिकेखाली निळसर डाग दिसला. दिलेल्या पर्यायांत डागाला जागा नव्हती. तिने सरळ विचारले, हे काय आहे? कोणालाच सांगता येईना. अभ्यासाअंती कळले की तो वायूचा प्रचंड ढग आहे आणि शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराभोवतालच्या प्रखर प्रारणाने तो उजळला आहे. ते केंद्र आता मंदावले आहे. पण त्याचा जुना उजेड ढगावर अजून दिसतो आहे. दिवा मालवल्यावरही भिंतीवर उजेड राहावा तसा हा प्रकार. फरक इतकाच, की येथे उजेडाला भिंतीपर्यंत पोचायलाच हजारो वर्षे लागतात.

दुसरे उदाहरण ‘हिरव्या वाटाण्यां’चे. काही चित्रांत बारीक, गोल, हिरवे ठिपके दिसत. हौशी मंडळींनी आधी गमतीने ते जमवायला सुरुवात केली. मग वर्णपट पाहून खरा वाटाणा कोणता आणि खोटा कोणता याचे निकष स्वतःच ठरवले. २००९ मध्ये यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातील बहुतेक ठिपके म्हणजे अतिशय लहान, घट्ट आणि झपाट्याने तारे जन्माला घालणाऱ्या दीर्घिका निघाल्या. हिरव्या रंगाचे कारणही मजेदार आहे. आयनीभूत ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा प्रकाश ताम्रसृतीमुळे, म्हणजे दीर्घिका आपल्यापासून दूर जात असल्याने, अधिक लांब तरंगांकडे सरकतो आणि सर्वेक्षणाच्या लाल गाळणीत येतो. रंगीत चित्र बनवताना त्या गाळणीला हिरवा रंग दिलेला असल्यामुळे ठिपका हिरवा दिसतो. वाटाण्याचा हिरवेपणा असा अर्धा आकाशातला आणि अर्धा चित्रकाराचा!

‘डाग’ किंवा ‘वाटाणा’ असा पर्याय प्रश्नावलीत नव्हता. पाच कोटी उत्तरे चाळूनही हे शोध हाती लागले नसते. ते लागले, कारण प्रश्नावलीबाहेर बोलायला जागा होती.

पुढे काय झाले? २००९ मध्ये या एका उपक्रमातून ‘झूनिव्हर्स’ हे मोठे संकेतस्थळ उभे राहिले. प्राणी, हवामानाच्या जुन्या नोंदी, हस्तलिखिते अशा अनेक विषयांचे उपक्रम तेथे आले. काम सुटसुटीत झाले, प्रश्न नेमके झाले. जुने दालन मागे पडले आणि त्याजागी प्रत्येक चित्राला जोडलेली चर्चेची सोय आली. ही सोय निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. ‘प्लॅनेट हंटर्स’ या उपक्रमातील हौशी निरीक्षकांनी एका ताऱ्याचा उजेड अनियमितपणे घटतो हे अशाच चर्चेत हेरले, आणि २०१५ पासून त्या ताऱ्याने खगोलशास्त्रज्ञांना कामाला लावले. तरीही जुन्या दालनात नवखा माणूस अनुभवी माणसाशेजारी बसून शिकत असे. तुटक टिपांतून ते तितकेसे साधत नाही.

दरम्यान यंत्रेही शिकली. हौशी लोकांनी दिलेल्या उत्तरांवर संगणकाला शिकवण्यात आले आणि २०२३ मध्ये सुमारे ८७ लाख दीर्घिकांच्या आकारांची अशा रीतीने केलेली मोजमापे प्रसिद्ध झाली. याबद्दल नाराज होण्याचे कारण नाही. २०२३ मध्येच उडालेल्या ‘युक्लिड’ दुर्बिणीतून येणारी चित्रे माणसांनी एकेक करून पाहावीत म्हटले तर पिढ्या पुरणार नाहीत. २०२४ मध्ये त्या चित्रांसाठीही स्वयंसेवकांना बोलावले गेले, ते बऱ्याच अंशी यंत्राचे शिक्षण करण्यासाठी. आमची तक्रार निराळी आहे. हौशी माणूस आधी निरीक्षक होता, मग उत्तरे देणारा झाला, आता यंत्राचा शिकवणीमास्तर झाला आहे. प्रत्येक पायरीवर कामाचा वेग वाढला, पण त्याला स्वतःचा प्रश्न सुचण्याची संधी कमी झाली. मुलांना घरचा अभ्यास म्हणून ‘शंभर दीर्घिका ओळखून आणा’ असे सांगणाऱ्या शिक्षकाने हे ध्यानात घ्यावे. शंभर टिचक्या मारून मूल शंभर टिचक्या मारायला शिकते.

आता खोडदकडे परत येऊ. २०१३ मध्ये डॉ. आनंद होता यांनी सुरू केलेला ‘रॅड ॲट होम’ हा भारतीय उपक्रम जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्झ सर्वेक्षणातील प्रतिमा हौशी अभ्यासकांपुढे ठेवतो. त्याची रीत आम्हांला अधिक पटते. येथे आधी शिकवले जाते. दृश्य प्रकाशातील आणि रेडिओ लहरींतील चित्रे एकमेकांवर ठेवून वाचायला लावले जाते. मग विचित्र काही आढळल्यास त्यावर चर्चा होते. म्हणजे ओसरी आधी, मोजदाद नंतर. हा उपक्रम मुख्यतः विज्ञान व अभियांत्रिकीच्या पदवी स्तरासाठी आहे. त्यामुळे शाळेतील मुलांना तो थेट उपयोगाचा नाही, पण बी.एस्सी. झालेल्या शिक्षकाला आहे. जुन्नर-आंबेगावातील किती शाळांत असे शिक्षक असतील, याचा विचार करावा.

उणिवा दोन. चर्चेचा बराच व्यवहार इंग्रजीतून चालतो. घोडेगावच्या मुलीला ‘हे काय आहे?’ मराठीत विचारावेसे वाटले तर मध्ये कोणीतरी उभे राहावे लागेल. दुसरी उणीव अशी की ही ओसरी फेसबुकवर, म्हणजे परक्याच्या जागेत आहे. ‘जिओसिटीज’वर हौशी लोकांनी बांधलेली असंख्य पाने २००९ मध्ये जपान वगळता सर्वत्र बंद झाली. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ‘ऑर्कुट’ बंद झाले आणि त्यावर जमलेली मंडळे पांगली. मालकाचा विचार बदलला की काय होते ते आपण पाहिलेले आहे.

म्हणून ज्या शाळा अशा उपक्रमांत भाग घेतील त्यांनी एक साधी नोंदवही ठेवावी. विचित्र वाटलेल्या प्रत्येक वस्तूचे विषुवांश आणि क्रांती, पाहिल्याची तारीख, प्रथम कोणाला दिसली त्याचे नाव, आणि वर्गात तिच्याबद्दल कोण काय म्हणाले, तेही. शक्य तर हाताने काढलेली आकृती. पान संगणकावरून नाहीसे झाले तरी विषुवांश आणि क्रांती यांवरून तीच वस्तू आकाशात पुन्हा शोधता येते.