'पासवर्ड'ची तीन रूपे

अमेरिकेत १९६१ साली सीबीएस वाहिनीवर सुरू झालेल्या 'पासवर्ड' या खेळात जोडीदाराकडून गुप्त शब्द ओळखून घ्यावयाचा असे, आणि सूचना द्यावयाची ती एकाच शब्दाची. पहिल्या सूचनेला १० गुण, पुढे एकेक कमी. चुकल्यास संधी दुसऱ्या जोडीला. प्रेक्षकांना मात्र तो शब्द कुजबुजत सांगितला जाई. त्यामुळे जोडीदाराचे चाचपडणे आम्हांस अधिकच जवळचे वाटते.

१९७९ च्या 'पासवर्ड प्लस'ने पाच शब्दांचे कोडे गुंफले. ते आम्हांस थोडे अवजड वाटले. परंतु विरुद्धार्थी शब्द सुचविण्यास त्याने पुढे केलेली मनाई मोलाची. 'रात्र' म्हणून 'दिवस' काढून घेण्यात कसली आली कल्पकता?

२००८ च्या 'मिलियन डॉलर पासवर्ड'मध्ये घड्याळ आले, शब्दांची शर्यत लागली, आणि विचारात पडलेला चेहरा न्याहाळण्याची सवडच उरली नाही.