हळदीचीं गाणीं

लग्नांतील मंत्र पुरोहिताचे, मंगलाष्टकें कवीचीं, आणि हळद तेवढी बायकांची. तेव्हां तिच्यांत वाङ्मय तें काय असणार, असा समज सुशिक्षितांत रूढ आहे. आमच्या मतें हा समज निराधार होय.

विधीचें स्वरूपच पाहावें. जात्याला हळकुंड व सुपारी बांधावयाची, पांच सुवासिनींनीं मिळून हळद दळावयाची आणि दळतां दळतां ओवी म्हणावयाची. मग आंब्याच्या पानानें पायांपासून मस्तकापर्यंत ती चढवावयाची, व नवऱ्या मुलाची उष्टी हळद नवरीकडे पाठवावयाची. येथें ओवीची लय म्हणजे जात्याच्या फेऱ्याची लय. प्रथम गणराय व कुलदैवत यांस आमंत्रण, मागून मामाला, भावाला, आत्याबाईंना. देवाला आणि सोयऱ्याला एकाच सुरांत हांक मारणारी ही रचना साधी खरी, पण तिची जवळीक पुष्कळ पंडिती काव्यांत सांपडत नाहीं. साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’मध्यें ओव्या संग्रहित केल्या, पुढें हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनीं लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. हें धन लहान नव्हे.

परंतु गुण सांगून टीकाकाराचें काम संपत नाहीं. हळदीच्या गाण्याची नायिका सदैव सुवासिनी असते. जिनें वैधव्यांत जातें ओढून मुलाला वाढविलें, ती आई त्याच्या हळदीच्या दिवशीं माजघराच्या दाराआड उभी राहते. तिचा हात ना खुंट्याला चालत, ना हळदीच्या वाटीला. एरवीं सासुरवासाचें दुःख मोकळेपणानें सांगणारी ओवी या मंगलप्रसंगीं तिला हांक मारीत नाहीं. ही उणीव छंदाची नव्हे, समाजाची आहे.

आज हळद पुडींतून येते, ओवीच्या जागीं सिनेमाचें गीत वाजतें, आणि सारें घर पिवळ्या वस्त्रांत छायाचित्रासाठीं उभें राहतें. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं; जात्याचे कष्ट गेले हें बरेंच झालें. खेद याचा, कीं जातें गेलें, ओवी गेली, आणि पुष्कळ घरांत विधवेची बंदी मात्र राहिली. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेनें २०२२ सालीं विधवांवरील अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. खेड्याला जें सुचलें, तें आमच्या पदवीधर कुटुंबांस जड कां जावें?

राखावयाचें तें आपण टाकलें आणि टाकावयाचें तें राखलें. पुढल्या लग्नांत पहिली हळद आईनें लावावी, मग ती सुवासिनी असो वा नसो. आणि एखादी आजी ओवी म्हणूं लागली, तर वाजंत्री क्षणभर थांबवावी.