वीर आणि नेता : महाभारतातील सैनापत्याचा विचार

मराठी समीक्षेत 'नायक' हा शब्द इतक्या सैलपणे वापरला जातो की, त्याच्या पोटात दोन भिन्न कल्पना नांदत आहेत याचे भान सहसा राहत नाही. कथावस्तूच्या केंद्रस्थानी जो असतो तो नायक. आणि लोकसमूहाला जो पुढे नेतो तोही नायक. पहिला अर्थ साहित्यशास्त्राचा, दुसरा व्यवहाराचा व इतिहासाचा. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे व्यक्तीचे शौर्य हेच तिच्या नेतृत्वाचे प्रमाण मानले जाते. महाभारताने मात्र ही दोन मूल्ये वेगळी ठेवली आहेत. किंबहुना ती वेगळी ठेवली तरच त्यातील युद्धपर्वांचा अर्थ नीट लागतो, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करू. 'वीर' हा शब्द भारत-युरोपीय कुळातील अतिप्राचीन ठेव्यापैकी आहे. लॅटिनमधील 'विर्', लिथुआनियनमधील 'व्हीरस्', जुन्या इंग्रजीतील 'वेर्' हे त्याचे सगोत्र होत. या भाषांत त्याचा मूळ अर्थ 'पुरुष' एवढाच आहे. वेदातही तो पुरुष, शूर आणि पुत्र अशा अर्थांनी येतो. म्हणजे हा शब्द माणसाच्या अंगच्या गुणाचा वाचक आहे. तो उच्चारताना दुसऱ्या कोणाची अपेक्षा राहत नाही. 'नेता' व 'नायक' यांची जात निराळी. ते 'नी' या धातूपासून आले, आणि 'नी' हा संस्कृत व्याकरणात द्विकर्मक धातूंत गणला जातो. शेळीला गावात नेले, असे म्हणताना शेळी हेही कर्म आणि गाव हेही कर्म. आपले मराठी 'नेणे' याच धातूचे. कोणाला नेले आणि कोठे नेले, ही दोन्ही उत्तरे मिळाल्यावाचून त्याचे वाक्य पुरे होत नाही. वीर एकटा असू शकतो. नेता एकटा असूच शकत नाही.

पुढे साहित्यशास्त्राने हा शब्द उचलला तेव्हा त्याचे सकर्मकत्व गळून पडले. दहाव्या शतकातील धनंजयाने 'दशरूपका'त रूपकांचे भेद वस्तू, नेता आणि रस या तीन तत्त्वांवर आधारले, आणि नेत्याचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त, धीरोद्धत असे चार प्रकार केले. येथे नेता म्हणजे प्रधान पात्र. तो कथावस्तूला फलापर्यंत नेतो हे खरे. परंतु माणसांना नेणे हा त्याचा धर्म राहिला नाही. मराठीतील 'कादंबरीचा नायक' हा याच वाटेने आला. उलट लष्करी व्यवहाराने जुना अर्थ जपला. शिवकालीन पायदळातील सर्वांत लहान तुकडीचा प्रमुख 'नाईक' म्हणविला जाई, आणि आजच्या भारतीय सेनेतही हे पद आहे. त्या साध्या पदनामात हाताखालच्या माणसांची आठवण शाबूत आहे.

आता उद्योगपर्वाकडे वळू. युद्धापूर्वी भीष्म दोन्ही पक्षांतील योद्ध्यांची रथी, अतिरथी, महारथी अशी मोजदाद करतात. ही वीरत्वाची गणना होय. प्रत्येक योद्धा एकटा किती, एवढेच ती सांगते. या मोजदादीत भीष्म कर्णाला 'अर्धरथ' ठरवितात व द्रोण त्यास दुजोरा देतात. कर्ण संतापतो. भीष्म सेनापती असेपर्यंत तो शस्त्र उचलीत नाही आणि पहिले दहा दिवस कौरवांचा एक प्रमुख योद्धा रणांगणाबाहेर राहतो. या मापनाने सैन्याचे बळ कळावे असा हेतू. प्रत्यक्षात त्याच मापनाने सैन्यात फूट पडली. वीरांची बेरीज म्हणजे सेना नव्हे, हे ग्रंथकाराने कोणतीही टीका न करता घटनाक्रमातूनच सांगितले आहे.

पांडवांकडील निवड याच्या उलट. सेनापती कोण असावा हे युधिष्ठिर भावांना विचारतो. सहदेव विराटाचे, नकुल द्रुपदाचे, अर्जुन धृष्टद्युम्नाचे आणि भीम शिखंडीचे नाव सुचवितो. निर्णय कृष्णावर सोपविला जातो व अखेर धृष्टद्युम्नाला अभिषेक होतो. धृष्टद्युम्न सामान्य योद्धा नव्हता. तथापि अर्जुन-भीमांच्या पंक्तीतला वीर म्हणून परंपरेने त्याचे गुणगान केलेले नाही. असे असूनही अठराही दिवस पांडवांचा सेनापती तोच राहतो. त्याच पर्वात अर्जुनाला सेनापतींचाही अधिपती केल्याचे सांगून, कृष्णाचा निर्देश अर्जुनाचा 'नेता' आणि त्याच्या अश्वांचा नियंता असा केला आहे. शस्त्र न धरणाऱ्या सारथ्याला येथे 'नेता' म्हटले आहे, ही गोष्ट आपल्या विवेचनाच्या दृष्टीने फार मोलाची आहे. सर्वश्रेष्ठ धनुर्धरालाही नेणारा कोणी लागतो, आणि तो धनुर्धर असावा लागतोच असे नाही.

कौरवांकडे अकरा अक्षौहिणी सैन्य, पांडवांकडे सात. तरीही कौरवांना पाच सेनापती लागले : भीष्म दहा दिवस, द्रोण पाच, कर्ण दोन, शल्य अठराव्या दिवशी, आणि दुर्योधन पडल्यावर अश्वत्थामा. आश्चर्य असे की, नेतृत्वाची सर्वांत स्पष्ट मीमांसा कर्णाच्याच तोंडी आली आहे. द्रोणपर्वाच्या आरंभी तो सांगतो की, नायकावाचून सेना क्षणभरही टिकत नाही. तिची स्थिती कर्णधार नसलेल्या नावेसारखी होते. मात्र तुल्यबळ वीरांपैकी एकाचा गौरव केला तर इतर खिन्न होतील. द्रोण हे सर्वांचेच गुरू असल्यामुळे त्यांच्याविषयी कोणाला असूया वाटणार नाही. येथे कर्ण शौर्याचे माप लावीत नाही; ज्यांना न्यावयाचे त्यांच्या मनाचा विचार करतो.

परंतु या सेनापतींचे आचरण पाहिले म्हणजे प्रत्येकाने सैन्याच्या आधी स्वतःचे काही राखून ठेवलेले दिसते. आपण पांडवांना मारणार नाही असे भीष्म प्रारंभीच सांगतात, शिखंडीवर शस्त्र चालवीत नाहीत, आणि आपल्या पतनाचा उपाय स्वतःच पांडवांना सांगतात. द्रोण पुत्राच्या मृत्यूची वार्ता ऐकून शस्त्र खाली ठेवतात. कर्णाने अर्जुनाखेरीज इतर चौघांना न मारण्याचे वचन कुंतीला दिले होते. त्यामुळे स्वतः सेनापती असताना तो नकुल आणि युधिष्ठिर या दोघांना हाती आले असताही सोडून देतो. भीष्मांनी आपली मर्यादा उघड सांगितली होती. कर्णाचे वचन दुर्योधनाला ठाऊकही नव्हते. प्रतिज्ञा, पुत्रप्रेम, दानशीलता हे गुण मोठेच आहेत. पण त्यांची किंमत ज्यांनी दिली त्या सैनिकांना कोणी विचारले नव्हते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, पांडवांचे नेतृत्व तरी निर्मळ कोठे होते? आक्षेप योग्य आहे. युधिष्ठिराचे अर्धसत्य आणि शस्त्र टाकून बसलेल्या द्रोणांचा धृष्टद्युम्नाने केलेला वध यांचे समर्थन ग्रंथ करीत नाही. त्या वधावरून सात्यकी व धृष्टद्युम्न एकमेकांवर धावून जाण्याच्या बेतास येतात, हेही तो सांगतो. सौप्तिकपर्वात धृष्टद्युम्न शिबिरातच मारला जातो. अखेरीस पांडवपक्षात पाच भाऊ, कृष्ण व सात्यकी, आणि कौरवपक्षात अश्वत्थामा, कृप व कृतवर्मा एवढेच योद्धे उरतात. 'नी' धातूचे दुसरे कर्म येथे उभे राहते. कोणाला नेले, या प्रश्नाला पांडवांपाशी उत्तर होते. कोठे नेले, या प्रश्नाने युधिष्ठिर शांतिपर्वाच्या आरंभी व्याकूळ झालेला आहे. विजयी राजाला हा प्रश्न विचारावयास लावणे, हीच या ग्रंथाची नेतृत्वविषयक अंतिम कसोटी होय.

हा भेद केवळ काव्यापुरता नाही. आपल्या इतिहासात १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडल्यानंतर सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले व गर्दीत शिरले, आणि रिकामी अंबारी पाहून सैन्याचा धीर सुटला, असे वृत्तांत सांगतात. पराभवाची कारणे अनेक होती. उपासमार, तुटलेली रसद, दूर राहिलेले साह्य यांचा वाटा त्यात मोठा होता. पण त्या एका क्षणी वीराचा धर्म आणि नेत्याचा धर्म परस्परविरुद्ध झाले, आणि भाऊंनी वीराचा धर्म निवडला. त्यांच्या शौर्याबद्दल आदर बाळगूनही ही गोष्ट नोंदविली पाहिजे.

याच दृष्टीने आपल्या अलीकडील साहित्याकडेही पाहता येईल. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) आणि रणजित देसाईंची 'राधेय' (१९७३) या कादंबऱ्यांनी कर्णाला मराठी वाचकाच्या हृदयात अढळ स्थान दिले. कादंबरीकाराला तो अधिकार आहेच. कर्णावरील अन्यायही कल्पित नाही. हरकत आहे ती समीक्षेविषयी. कथेचा नायक म्हणून मिळालेली सहानुभूती ती न कळत नेतृत्वाच्या पुराव्यात जमा करते, आणि कर्णाच्या ध्वजाखाली दोन दिवसांत पडलेली माणसे हिशेबाबाहेर राहतात. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) भीष्मांच्या जीवनाची जी कठोर चिकित्सा केली, तिचे महत्त्व या ठिकाणी जाणवते. आदर आणि परीक्षण एकत्र नांदू शकतात हे तिने दाखवून दिले.

तेव्हा अभ्यासकांनी अशा व्यक्तिरेखांचा विचार करताना 'नायक' हा शब्द लिहिण्यापूर्वी तो कोणत्या अर्थाने लिहितो आहोत हे ठरवावे. वीराविषयी तो किती मोठा, हे विचारणे युक्त आहे. नेत्याविषयी मात्र कोणाला नेले आणि कोठे नेले, हे विचारल्यावाचून समीक्षेचे वाक्य अपुरेच राहील.