हातभर लांबीची प्रतिष्ठा

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ हा ग्रंथ १८९९ सालीं प्रसिद्ध झाला. इतक्या जुन्या ग्रंथाची आज पुन्हां परीक्षा कशासाठीं, असें वाचक विचारतील. त्यांतील विधानें अलीकडच्या अब्जाधीशांनीं समुद्रावर पडताळून दाखविलीं आहेत, म्हणून.

ग्रंथाचा सिद्धांत थोडक्यांत असा: नुसतें धन असून मान मिळत नाहीं, तें इतरांस दिसावें लागतें. तें दाखविण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे निरुपयोगी खर्च. कारण गरजेचा खर्च कोणीही करतो. शिवाय हा मोठेपणा तुलनेवर उभा असल्यामुळें त्यास तृप्ति ठाऊक नाहीं.

आतां विलासनौकांकडे पाहावें. दुबईच्या अधिपतींची ‘दुबई’ ही नौका २००६ सालीं पुरी झाली. तिची लांबी १६२ मीटर. २०१० सालीं रशियन धनाढ्य रोमान अब्रामोविच यांच्या हातीं ‘एक्लिप्स’ आली, ती १६२.५ मीटर. फरक अवघा अर्ध्या मीटरचा, म्हणजे आपल्या जुन्या मापानें हातभर! तीनच वर्षांनीं अबुधाबीच्या राजघराण्यासाठीं बांधलेली ‘अझ्झाम’ १८० मीटर लांबीची निघाली. लांबीचा मान हुकला तरी दुसरें माप हाताशीं असतेंच. २०१६ सालची ‘दिलबार’ १५६ मीटरच लांब. पण आंतील घनफळानें ती सर्वांत मोठी म्हणून वाखाणली गेली. हातभर अधिक लांबीनें नौकेंत झोंप अधिक गाढ लागते असें नाहीं. शेजारच्या नौकेच्या धन्याची मात्र उडत असावी. व्हेब्लेनचा सिद्धांत येथें तंतोतंत लागू पडतो.

परंतु याच ठिकाणीं ग्रंथाची उणीवही ध्यानांत येते. व्हेब्लेनच्या काळीं जे. पी. मॉर्गन यांची ‘कॉर्सेअर’ कोणाची, हें गुपित नव्हतें. आजच्या कित्येक नौकांचे धनी कंपन्या आणि न्यास यांच्या पडद्याआड बसतात. २०२२ सालीं युक्रेनवरील आक्रमणानंतर युरोपीय राष्ट्रें रशियन धनिकांच्या नौका अडकवूं लागलीं, तेव्हां मालक शोधून काढणें हेंच बिकट काम होऊन बसलें. त्या वर्षीं मे महिन्यांत इटलीच्या सरकारनें मरीना दि कार्रारा येथें १४० मीटरची ‘शेहेराझाद’ अडकविली. ती कोणाची याचा वाद जगभर गाजला. नौका साऱ्या बंदरास दिसे, धनी कोणास दिसेना! बरोबरीच्यांस वैभव दिसावें, पण करवसुली करणाऱ्यास आणि न्यायाधीशास सांपडूं नये, ही दुहेरी कला व्हेब्लेनच्या सिद्धांतांत बसत नाहीं. त्याचा धनिक केवळ पोकळ आहे. आजचा पोकळ असून सावधही आहे, आणि समाजास अधिक महाग पडतो तो त्याच्या सावधपणामुळें.

ग्रंथाची भाषा रुक्ष, वाक्यें लांबलचक. ‘अपव्यय’ हा शब्द आपण निंदेच्या अर्थीं योजीत नाहीं, असें ग्रंथकार गंभीरपणें बजावतो. पण त्याचा उपरोध पानोपानीं डोकावतो, आणि ग्रंथ तगला आहे तो त्याच उपरोधावर.

एक इशारा मात्र देणें अवश्य आहे. वरच्यांचें अनुकरण खालचे वर्ग पायरीपायरीनें करीत येतात, असेंही व्हेब्लेन सांगतो. तेव्हां नौकांच्या धन्यांस हंसून झाल्यावर वाचकानें आपल्या घरच्या मागील लग्नाचा हिशेब एकदां काढून पाहावा, आणि मग हा ग्रंथ पुन्हां हातीं घ्यावा.