प्रमाणपत्राची मुदत, विद्येची मुदत

दहावी-बारावीचे निकाल लागले की नगर, श्रीरामपूर, संगमनेर यांसारख्या गावांत 'हार्डवेअर-नेटवर्किंग'च्या वर्गांच्या जाहिराती झळकू लागतात. मग पालक शाळेत येऊन विचारतात, "सर, हा कोर्स केला तर पोराला नोकरी लागेल का?" जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, पण ज्यांना तेथील चार वर्षे आणि तेथील खर्च झेपत नाही, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न पोटापाण्याचा असतो. त्याला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देऊन शिक्षकाने मोकळे होऊ नये. पाठ्यपुस्तकाचे परीक्षण करतो, तसे या प्रमाणपत्रांचेही करावे. येथे आम्ही तेच करणार आहोत.

संगणकांचे जाळे उभारणे व सांभाळणे शिकवणारे दोन मार्ग या मुलांना दिसतात. पहिला शासनाचा. आयटीआयमधील 'कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेन्टेनन्स' हा एक वर्षाचा व्यवसाय दहावीनंतर घेता येतो आणि शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. दुसरा मार्ग कंपन्यांच्या प्रमाणपत्रांचा. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे सिस्को या अमेरिकन कंपनीची 'सीसीएनए' ही परीक्षा. तिला बसण्यासाठी पदवीची अट नाही. २०२० मध्ये तिची नवी रचना झाली, तेव्हा शुल्क ३०० डॉलर ठेवण्यात आले. आजच्या दराने करासह ही रक्कम पंचवीस हजार रुपयांच्या वर जाते, आणि क्लासची फी वेगळी. दोन तासांची ही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. पुढे त्याचे नूतनीकरण करावे लागते.

प्रथम गुण सांगू. सीसीएनएचा अभ्यासक्रम सुविहित आहे. जाळ्याची मूलतत्त्वे २० टक्के, स्थानिक जोडणी २० टक्के, पत्ते व मार्गनिवड २५ टक्के, पूरक सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के आणि स्वयंचलन १० टक्के, अशी गुणांची विभागणी कंपनीने आधीच जाहीर केलेली आहे. आपण काय शिकणार हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी कळते. खरे राउटर विकत न घेता संगणकाच्या पडद्यावर जाळे जोडून पाहण्यासाठी 'पॅकेट ट्रेसर' नावाची आज्ञावलीही कंपनी विनामूल्य देते. खेड्यातल्या मुलासाठी ही मोठी सोय आहे.

या अभ्यासक्रमाच्या गाभ्याशी असलेली कल्पना मात्र कोणत्याही कंपनीची नाही, आणि ती समजावून देण्यासाठी राउटरही लागत नाही. आपला पिनकोड घ्या. नगर शहराचा ४१४००१, संगमनेरचा ४२२६०५, कोपरगावचा ४२३६०१, श्रीरामपूरचा ४१३७०९. जिल्हा एकच, पण पहिले तीन आकडे वेगळे. कारण पिनकोडचे आकडे टपालाच्या वाटेप्रमाणे दिलेले आहेत. महसुली हद्दीशी त्यांचा संबंध नाही. चेन्नईच्या टपाल कर्मचाऱ्याला संगमनेर कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. पहिला आकडा ४ पाहून तो पत्र आमच्या बाजूला पाठवतो. पुढच्या ठिकाणी ४२२ पाहिले जाते, आणि अखेरीस सहाही आकडे.

राउटर हेच करतो. त्याच्याकडे मार्गांचा तक्ता असतो आणि माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो. समजा, एखाद्या टपाल कचेरीत '४२२ असेल तर नाशिकच्या थैलीत' असा नियम आहे आणि '४२२६०५ असेल तर थेट संगमनेरच्या थैलीत' असा दुसराही आहे. संगमनेरच्या पत्राला दोन्ही नियम लागू पडतात. मग कोणता पाळायचा? ज्यात जास्त आकडे जुळतात तो. राउटरही याच नियमाने मार्ग निवडतो. फरक एवढाच, की त्याचा पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो.

इंटरनेटच्या या पत्त्यांचे मानक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. ते आजही वापरात आहे आणि कुणालाही विनामूल्य वाचता येते. ३२ अंकांतून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. जागतिक साठ्यातील शेवटचे गट २०११ मध्ये वाटून संपले; ही टंचाई येणार हे ओळखून १२८ अंकांचे नवे पत्ते त्यापूर्वीच तयार करण्यात आले होते. तरीही सुरुवातीचे अंक पाहून वाट ठरवण्याची रीत तीच राहिली.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष मुदतीचा. चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकलेली विद्या तीन वर्षांच्या कागदात बांधली जाते. विशिष्ट यंत्राला द्यायच्या आज्ञा बदलत असतात, तेव्हा कंपनीने फेरतपासणी मागणे एका अर्थी रास्त आहे. पण बाजार बदलला की प्रमाणपत्राची किंमतही बदलते. १९९०च्या दशकात नॉव्हेल कंपनीच्या प्रमाणपत्राला मोठा मान होता. त्या कंपनीची प्रणाली मागे पडली आणि मानही गेला. मायक्रोसॉफ्टने आपली गाजलेली 'एमसीएसई' प्रमाणपत्रे २०२१ मध्ये बंद केली. त्या काळी ज्यांनी केवळ खिडक्या आणि बटणे पाठ केली त्यांना पुन्हा आरंभ करावा लागला. ज्यांनी पत्ते आणि मार्ग समजून घेतले त्यांचे भांडवल शाबूत राहिले.

दुसरा दोष परीक्षेपेक्षा तयारीचा आहे. परीक्षेत काही प्रश्न प्रत्यक्ष आज्ञा देऊन सोडवायचे असले, तरी पुष्कळसे पर्यायी असतात. त्यामुळे प्रश्नोत्तरांचे गठ्ठे पाठ करून घेण्याचा धंदा जगभर चालतो. उदाहरण घ्या. पत्त्याचे पहिले २६ अंक जाळ्यासाठी राखले, तर उरतात ६. दोनाचा सहावा घात ६४. त्यांतील पहिला पत्ता जाळ्याचा आणि शेवटचा सर्वांना उद्देशून, म्हणून संगणकांसाठी ६२. '२६ म्हणजे ६२' एवढेच पाठ केलेल्या मुलाला विचारा : शाळेत ४० संगणक आहेत, २७ अंक राखले तर चालेल का? घातांक समजलेला सातवी-आठवीचा विद्यार्थी सांगेल, की उरतात ५, म्हणजे ३२ वजा २, ३०, चालणार नाही.

तिसरा दोष हातांचा. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूचे जाळे नेण्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली; तिलाच पुढे 'भारतनेट' हे नाव मिळाले. अकोल्याच्या डोंगरात किंवा पाथर्डीच्या माळावर तंतू तुटला, तर तो सांधणारा माणूस हवा. विजेचा दाब कमीजास्त झाला, वीज कोसळली, तर अर्थिंग तपासणारा हवा. सीसीएनएच्या अभ्यासक्रमात तंतूंचे प्रकार ओळखणे आहे, तंतू सांधणे नाही. आयटीआयचा मार्ग हातांच्या कामाच्या दृष्टीने उजवा आहे, आणि तेथील प्रमाणपत्राला मुदतही नाही. तरी 'आंतरराष्ट्रीय' या शब्दापुढे तो फिका वाटतो, ही खेदाची गोष्ट होय.

प्रमाणपत्र हेच साध्य झाले की काय होते, हे महाराष्ट्राला नवे नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटीने असंख्य लोकांना प्रथमच संगणकासमोर बसवले, हे तिचे श्रेय. पण शासकीय सेवेसाठी ते आवश्यक ठरल्यावर शिकणे आणि उत्तीर्ण होणे यांत अंतर पडू लागले. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा पालकांना आम्ही असे सुचवू. फी भरण्यापूर्वी वर्गात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात. मुलगा स्वतःच्या हाताने किती तास जोडणी करणार? चालू जाळे मुद्दाम बिघडवून दोष शोधायला लावतात का? आणि 'का' असे विचारले तर शिकवणारा उत्तर देतो की 'परीक्षेत असेच येते' म्हणतो? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर पुढे जाऊ नये.

शाळेचा वाटाही लहान नाही. द्विमान संख्या, घातांक, पिनकोडची वर्गवारी, दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची प्रयोगशाळेतील शिस्त, हे सारे आपल्या वर्गात फुकट शिकवता येते. प्रमाणपत्र नोकरीचे पहिले दार उघडील, हे आम्ही नाकारत नाही, आणि ज्याला परवडते त्याने ते जरूर घ्यावे. पण तीन वर्षांनी त्याची मुदत संपेल तेव्हा मुलाच्या हाती काय उरते, हे बऱ्याच अंशी तो आपल्या वर्गातून काय घेऊन गेला यावर ठरेल.